एक भिंत आमच्यासाठी ठेवा

माझ्या वर्गमित्रांनो आणि मैत्रिणींनो, आणि आज 26 जानेवारीला झेंड्याला आलेल्या सर्व पालकांनो,

या वेळच्या भित्तिपत्रकात गुरुजींनी मला 'माझे मत' हे सदर लिहायला दिले. गुरुजींनी एक कागद दिला होता, मला चार लागले. पालकांना उभ्याने वाचायचे आहे, त्यामुळे पाय दुखतील. पण कृपा करून शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी एक मागणी आहे आणि ती मोठ्या माणसांनीच पुरी करायची आहे.

माझे मत असे आहे की चित्र प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघून स्वतःच्या हाताने काढावे. टीव्ही आणि मोबाईल वाईट नाहीत. पण त्यांचे काम दाखवायचे आहे आणि काढायचे काम आपले आहे. आणि त्यासाठी शाळेत चित्रकलेचा तास खरोखर झाला पाहिजे.

आमच्या वर्गात वेळापत्रक लावले आहे. त्यात शुक्रवारी दुपारी शेवटचा तास 'चित्रकला' असा आहे. पण शुक्रवार आला की काहीतरी निघतेच. कधी चाचणी असते, कधी पाढे राहिलेले असतात, कधी वरून माहिती मागितलेली असते आणि गुरुजींना ती लगेच मोबाईलवर भरावी लागते. आमच्या शाळेत चार वर्गांना एक गुरुजी आणि एक बाई आहेत. तेव्हा दोष त्यांचा नाही. पण प्रत्येक वेळी चित्रकलेचाच तास का जातो? गणिताचा तास कधी चित्रकलेला दिलेला मी पाहिला नाही.

मी गुरुजींना विचारले, की चित्रकलेला वेगळे शिक्षक का नाहीत. गुरुजींनी सांगितले की 2009 साली शिक्षण हक्क कायदा झाला. त्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत 100 पेक्षा जास्त मुले असतील तर कलेसाठी अर्धवेळ शिक्षक असावा, असे लिहिले आहे. पहिली ते पाचवीसाठी तसे लिहिलेले नाही. म्हणजे आमच्यासारख्या लहान शाळेत गुरुजी आणि बाईंनीच सगळे शिकवायचे. माझ्या मते लहानपणीच हात वळतो, म्हणून आम्हालाच आधी पाहिजे होते. पण तो कायदा मोठा आहे, मी लहान आहे.

आता आमच्या चित्रांविषयी सांगते. आमच्या वर्गात 17 मुले आहेत. 'निसर्गचित्र काढा' असे सांगितले की 17 वह्यांत एकच चित्र येते. दोन टोकदार डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीकाठी लाल कौलांचे घर आणि शेजारी नारळाचे झाड. वर इंग्रजी व्ही सारखे चार पक्षी. मित्रांनो, जरा वर्गाच्या बाहेर येऊन बघा. आपल्या गावात नारळाचे झाड कुठे आहे? आपला डोंगर टोकदार आहे का? तो तर तव्यासारखा सपाट आहे, आणि वर पवनचक्क्या फिरताहेत. नदीला पावसाळ्यात चार दिवस पाणी असतं. उन्हाळ्यात टँकर येतो. ते चित्रात कोणीच काढत नाही.

गेल्या वर्षी 'मोर काढा' म्हटले. तेव्हा ज्यांच्या घरी मोठा फोन आहे त्यांनी फोनवर सोपा मोर शोधला. बाकीच्यांनी त्यांचे बघून काढला. 17 मोर सगळे एकाच बाजूला तोंड करून उभे! बाईंना हसू आले. सकाळी सकाळी ओढ्याकडे खरा मोर ओरडतो, पण तो कोणी बघायला गेले नाही.

पण म्हणून सगळे खापर फोनवर फोडू नये. कारण ते दोन डोंगरांचे चित्र गुरुजीसुद्धा लहानपणी काढायचे, असे गुरुजीच म्हणाले. तेव्हा तर गावात फोन नव्हता. मग ते आले कुठून? फळ्यावरून वहीत, एका वहीतून दुसऱ्या वहीत, असे ते चालत आले.

याच गोष्टीवर आमच्या गावच्या एका ताईने मला चांगले सांगितले. ही ताई शहरात राहून कला शिक्षक होण्याची पदविका शिकते. त्याला ए. टी. डी. म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत ती गावी आली होती, तेव्हा ती आम्हाला देवळाच्या पारावर चित्रे शिकवायची. ती म्हणाली, "नक्कल करायला फोनच लागतो असं नाही, फळासुद्धा पुरतो. तू काय बघितलंस ते काढ." मग तिने आम्हाला चिंचेचे एक एक पान दिले आणि बघून काढायला लावले. मला वाटायचे, चिंचेचे पान म्हणजे एवढेसे हिरवे काहीतरी. काढायला बसले तेव्हा दिसले की एका काडीवर बारीक बारीक पाने जोडीजोडीने असतात. माझ्या पानावर 12 जोड्या होत्या. ते आता मी कधी विसरणार नाही. परिसर अभ्यासात वाचले असते तर विसरले असते.

आता माझ्या आजीचे सांगते. आजी शाळेत गेली नाही. कागदावर ती अंगठा उठवते. पण नागपंचमीला ती भिंतीवर नाग काढायची, तो एका दमात. काडीला कापूस गुंडाळायची, चुन्यात बुडवायची आणि शेपटीपासून फण्यापर्यंत हात उचलायची नाही. बेंदराला ती मातीचे बैल करते आणि त्यांची शिंगे अशी वळवते, की कोणता बैल आमचा आणि कोणता चुलत्यांचा ते ओळखू येते. दिवाळीला 15 ते 8 ठिपक्यांची रांगोळी ती न मोजता घालते. मधल्या ओळीत 15 ठिपके, मग दोन्हीकडे एक एक कमी करत 8 पर्यंत. गुरुजींनी त्याचे गणितच घातले. आम्ही बेरीज केली तर सगळे मिळून 169 ठिपके झाले. आजीला बेरीज येत नाही, पण ठिपका कधी चुकत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमचे नवीन घर झाले. आता भिंतीला फरशी बसवली आहे. तिच्यावर चुना धरत नाही. म्हणून नागपंचमीला दुकानातला छापील नागोबाचा कागद चिकटवतो. उंबऱ्यापुढे चिकटणारी तयार रांगोळी आहे. आई दिवसभर दुसऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत कामाला जाते. तिला वेळ नसतो, ते मला कळते. नवीन घर मलासुद्धा आवडते. त्यात पावसाचे पाणी गळत नाही. पण आजीला आता डोळ्यांनी कमी दिसायला लागले आहे. तिचा नाग आमच्या घरात अजून कोणालाच येत नाही. छापील कागद पुढच्या वर्षी दुकानात परत मिळेल. आजीचा नाग कोणत्या दुकानात मिळणार?

काही जण म्हणतील, ही यंत्राच्या विरुद्ध आहे. मी तशी मुळीच नाही. त्यासाठी तीन उदाहरणे देते. ती मला ताईने आणि गुरुजींनी सांगितली.

पहिले उदाहरण. राजा रविवर्मा नावाचे केरळातले मोठे चित्रकार होते. ते 1848 साली जन्मले आणि 1906 साली गेले. त्यांची चित्रे राजवाड्यात असायची, गरिबाला दिसायची नाहीत. त्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथे लक्ष्मी, सरस्वती यांची चित्रे छापली गेली आणि साध्या माणसांच्या घरात जाऊन पोचली. हे यंत्राचे चांगले काम झाले. पण यंत्राने छापायच्या आधी कोणीतरी हाताने ते चित्र काढले होते. हात नसता तर यंत्राने काय छापले असते?

दुसरे उदाहरण. पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत वारली लोक राहतात. लग्नाच्या वेळी ते घराच्या भिंतीवर गेरूवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की झाला ब्रश. त्यांचा माणूस काढायला सोपा असतो. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवायचे, वर गोल डोके, आणि हातापायांच्या काड्या. पूर्वी लग्नाचा चौक काढायचे काम बायकांचेच होते. पण जिव्या सोमा म्हसे हे पुरुष असून चित्रे काढू लागले, आणि लग्न नसतानाही काढू लागले. 1970 नंतरच्या त्या वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार कागद आणि रंग घेऊन त्या पाड्यांवर गेले. भिंत कुठे नेता येत नाही, कागद नेता येतो. म्हणून ती चित्रे परदेशापर्यंत गेली. म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 साली ते गेले, पण त्यांची मुले-माणसे अजून चित्रे काढतात. त्या पाड्यावर कागद ही तेव्हा नवीनच वस्तू होती. वस्तू नवीन आली तरी हात त्यांचाच राहिला आणि चित्रातली शेते, तारपा आणि नाचसुद्धा त्यांचेच राहिले. त्यांनी दुसऱ्याचे नारळाचे झाड काढले नाही.

तिसरे उदाहरण. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथली शाळा आपल्यासारखीच जिल्हा परिषदेची. तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात काळे-पांढरे चौकोन छापले. त्यावर मोबाईल धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. 2020 साली त्यांना साऱ्या जगातल्या शिक्षकांमधून ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. आपल्या बालभारतीच्या पुस्तकांवरही आता असा चौकोन असतो. म्हणजे खेड्यातल्या शाळेत यंत्र आले तर मुलांचे भलेच होते. हे मला मान्य आहे.

आमच्या वर्गात टीव्ही आहे. लाईट असली तर त्यावर समुद्र दिसतो, बर्फ दिसतो. इथे बसून समुद्र कसा बघणार? तेव्हा टीव्ही पाहिजेच. पण टीव्हीवर डोंगर बघायची गरज नाही. डोंगर खिडकीतून दिसतो.

आणखी एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. आमच्या सातारा जिल्ह्यात औंध गाव आहे. पूर्वी तिथे वेगळे संस्थान होते. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढायचे. सूर्यनमस्कारांसाठीही ते प्रसिद्ध होते. त्यांनी टेकडीवर संग्रहालय बांधले आणि 1938 साली ते सुरू झाले. गेल्या वर्षी आमची सहल तिथे गेली होती. मी आधी गुरुजींच्या फोनवर चित्रे पाहिली होती. फोनमध्ये सगळी चित्रे तळहाताएवढीच असतात, लहान काय आणि मोठे काय. तिथे जाऊन पाहिले तर काही चित्रे माझ्यापेक्षा उंच! जवळ गेले की रंगाचे फटकारे दिसतात. कुठे रंग जाड, कुठे पातळ. म्हणजे कोणीतरी तिथे उभे राहून हात फिरवला आहे, हे कळते. मला ते फार आवडले. आमच्यातल्या दोघांना मात्र बाहेरचे शेंगदाणे जास्त आवडले.

आता पालकांचा एक प्रश्न असतो, "चित्रं काढून पोट भरतंय का?" माझ्या वडिलांनीही हेच विचारले. मी म्हणाले, "दादा, आपलं घर बांधताना गवंड्यानं आधी काय केलं?" वडील म्हणाले, "नकाशा काढला." मग मी गप्प बसले आणि वडीलपण गप्प बसले. सुताराला पाटाचे चित्र आधी डोळ्यांपुढे आणावे लागते. शिंपी कापडावर खडूने आखतो, मगच कात्री लावतो. कुंभाराचा हात तर चाकावर चित्रच काढत असतो. डॉक्टरांच्या भिंतीवरही माणसाच्या पोटाचे चित्र असते. आणि ताईने सांगितले की 1857 साली मुंबई विद्यापीठ सुरू झाले, त्याच साली मुंबईत सर जे. जे. कलाशाळासुद्धा सुरू झाली. म्हणजे शहाण्या माणसांनी तेव्हाच ओळखले होते, की चित्र काढणे हाही अभ्यासच आहे.

सगळी मुले चित्रकार होणार नाहीत. सगळी मुले गणितज्ञ तरी कुठे होतात? तरीसुद्धा गणित रोज असते. मग आठवड्यातून एक तास चित्रकला झाली तर कोणाचे काय बिघडणार आहे? उलट वर्गातल्या ज्या मुलाला वाचताना अडखळायला होते, तोच सगळ्यात चांगली मेंढरे काढतो, कारण तो रोज मेंढरांमागे जातो. त्या तासाला आम्ही सगळे त्याच्याभोवती गोळा होतो. दुसऱ्या कोणत्याच तासाला त्याच्याकडे कोणी जात नाही.

आता मागणी लिहिते.

येत्या मे महिन्यात आपल्या शाळेला रंग द्यायचा आहे, असे शाळा व्यवस्थापन समितीत बोलणे झाले आहे. तालुक्याहून पेंटर काका येतील. ते चांगले काढतात. सफरचंद, पाढे, एबीसीडी आणि टीव्हीतले उंदीर-मांजर काढतील. त्याला बोलक्या भिंती म्हणतात. पण त्या भिंती सगळ्या शाळांत एकसारखेच बोलतात. आणि रंग दिला की आम्हाला ताकीद असते, "भिंतीला हात लावायचा नाही." मग त्या भिंती आमच्या कशा झाल्या?

म्हणून समितीला आणि सर्व पालकांना माझी नम्र विनंती आहे, की पाण्याच्या टाकीकडची एक भिंत आमच्यासाठी मोकळी ठेवा. बाकीच्या तीन पेंटर काकांना द्या.

त्या भिंतीला आम्ही गेरू लावू. वर चुन्याने चित्रे काढू. आपला सपाट डोंगर, पवनचक्क्या, मेंढरे, बाजरीची कणसे, डाळिंबाची बाग, मुक्कामी एसटी आणि पाण्याचा टँकर. जे बघतो तेच काढू. गेरू आणि चुना स्वस्त असतो. ज्यांच्या घरी बांधकामातला चुना उरला असेल त्यांनी थोडा द्यावा. कोणीतरी शिडी द्यावी. खाली जमिनीवर बैठकीचे पोते टाकू, म्हणजे व्हरांडा घाण होणार नाही.

आणि गावातल्या आज्यांना एक दिवस शाळेत बोलवा. माझी आजी म्हणते, "मी काय शाळंत येऊन करू? मला कुठं ल्ह्याया येतंय?" पण तिला सांगायचे, की लिहायला नको, नाग काढायला ये. त्या काढतील आणि आम्ही शेजारी बसून शिकू. आजीला आज थोडे दिसते आहे, म्हणून हे याच वर्षी व्हावे असे मला वाटते.

कोणी म्हणेल, पावसात चित्र पुसून जाईल. जाऊ दे. दर वर्षी नव्याने गेरू लावू आणि नवीन चौथीचा वर्ग नवीन चित्रे काढेल. पुसायच्या आधी गुरुजी मोबाईलवर त्याचे फोटो काढून ठेवतील. ते काम मोबाईलचेच आहे, आणि ते तो आमच्यापेक्षा चांगले करतो. मग परितेवाडीसारखा चौकोन करून आपण दुसऱ्या शाळेतल्या मुलांनाही आपली भिंत दाखवू शकतो. ती मुले त्यांची पाठवतील. त्यांच्या भिंतीवर खरोखर नारळाचे झाड असेल, तर ते बघायला मला आवडेल.

आणि गुरुजींना व बाईंना विनंती, की शुक्रवारचा शेवटचा तास राखून ठेवावा. आम्ही पाढे शनिवारी सकाळी लवकर येऊन म्हणू. मी एकटीच नाही, वर्गातल्या सगळ्यांना विचारून लिहिले आहे. दोघे जण लवकर यायला तयार नव्हते, पण मेंढरे काढायला मिळणार म्हटल्यावर तयार झाले.

वाचून झाल्यावर पालकांनी एक करावे. समितीची सभा आज झेंडावंदनानंतर दुसरीच्या वर्गात आहे. तिथे भिंतीचा विषय काढावा. आम्हाला सभेत बोलता येत नाही.

जय हिंद, जय महाराष्ट्र!

एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी